मदत हवी आहे: कोनफळ हे मूळ की खोड?

नमस्कार मंडळी. सातवीच्या मुलांसाठी कंदांचा तक्ता करतेय आणि कोनफळापाशी अडकलेय.

बाकीचे जमले. बटाटा म्हणजे जमिनीखाली फुगलेलं खोड. त्याचे डोळे म्हणजे पेरं, आणि प्रत्येक डोळ्यापाशी खवल्यासारख्या पानाची बारीक खूण असते. ती भिंगातून मुलांना दाखवली, तेव्हा वर्गात एकच गलका झाला! आलं-हळदीची पेरं तर बोटालाच लागतात. सुरण आणि अळकुडीही खोडंच. कांदा थोडा वेगळा, त्यात खोड म्हणजे फक्त तळाची चकती, आपण खातो ती पानं. गाजर, मुळा, बीट मुळांत गेले.

मग एका मुलीने विचारलं, "बाई, रताळ्यालाही कोंब येतात, मग ते मूळ कसं?" फार चांगला प्रश्न. रताळ्यावर पेरं नाहीत, खवले नाहीत. कोंब कुठूनही फुटतात, जास्त करून वेलाकडच्या टोकाला. म्हणजे नुसत्या कोंबावरून ठरवता येत नाही, हे तिच्यामुळे सगळ्यांनाच कळलं.

आता कोनफळ. घरचंच आणून धुतलं, साल नीट पाहिली. डोळे नाहीत, खवले नाहीत, नुसती तंतुमुळं. तरी सालीसकट तुकडा लावला की उगवतो. त्याच्याच कुळातल्या करांद्याला मात्र पानाच्या बेचक्यात, वेलावरच कंद लागतात, म्हणजे ते खोडाचे.

मग कोनफळ कुठल्या रकान्यात घालू? आडवा छेद घेऊन मुलांना फरक दाखवता येईल का? वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा, तक्ता सोमवारी लावायचाय.