‘आमचं घर, कोल्हापूर’ ग्रुप : बुधवारचे आणखी ६ गुण गेले

सोमवार, १ डिसेंबर २०२५

बापूकाका (कोल्हापूर): मंगेश, आत्ताच मोबाईलवर बातमी बघितली. तुझ्या बुधवारचे, त्या शेफिल्ड वेन्सडे फुटबॉल क्लबचे, अजून ६ गुण कापले म्हणे. मागं १२ कापले होते ना? मग राहिलं काय आता?

मंगेश (शेफिल्ड): उणे १०, काका.

चिन्मय (पुणे): काका, उणे गुण पण असतात??

मंगेश: असतात रे. दुसऱ्या श्रेणीच्या लीगचा तक्ता बघ, शेफिल्ड वेन्सडे सगळ्यात खाली. ऑक्टोबरच्या २४ तारखेला क्लबला देणी देता येईनात म्हणून कारभार प्रशासकांच्या हाती गेला. तसं झालं की १२ गुण आपोआप जातात, तो लीगचा नियमच आहे. आजचे ६ गेले ते पगार आणि बाकीची देणी वेळेवर न दिल्याबद्दल. मालकावर ३ वर्षं बंदी घातली आहे, लीगमधला कुठलाच क्लब त्यांना घेता येणार नाही. पण ते आधीच बाजूला झालेत. उणे १० घेऊन खेळायचंय ते पोरांना.

चिन्मय: मग तुम्ही दुसरी टीम का नाही धरत? मी मँचेस्टर सिटीवाला. या आमच्याकडे.

मंगेश: चिन्मय, तू टीव्हीवर बघून टीम निवडलीस, त्यात गैर काहीच नाही. माझं तसं झालं नाही. २००७ साली इथे आलो तेव्हा घर मिळालं ते स्टेडियमपासून चालत १५ मिनिटांवर. शनिवारी दुपारी खिडकीतून बघितलं तर आख्खा रस्ता निळ्या-पांढऱ्या मफलरींनी भरलेला, आजोबा, मुलगा, नातू एका ओळीत चाललेले. मला शाहू स्टेडियमच आठवलं. काका, तुम्ही मला खांद्यावर बसवून पीटीएम-दिलबहार, आपल्या तालमींच्या फुटबॉल संघांची मॅच दाखवायला न्यायचा ना, अगदी तसं. दुसऱ्या आठवड्यात तिकीट काढलं. तालीम बदलतो का आपण?

बापूकाका: न्हाई. पेठ सोडून गेला तरी माणूस तालीम बदलत न्हाई.

शैलाआत्या (पुणे): पण हे बुधवार नाव कसलं रे? दर वेळी विचारायचं म्हणते आणि राहूनच जातं.

मंगेश: आत्या, १८६७ सालचा क्लब आहे. मूळ क्रिकेटचा. इथले सुरी-कात्रीवाले कारागीर बुधवारी अर्धा दिवस सुट्टी घ्यायचे आणि त्या दिवशी खेळायचे, म्हणून द वेन्सडे. शेफिल्ड हे नाव पुढे १९२९ मध्ये लागलं. चार वेळा लीग जिंकलेला क्लब आहे हा. १९९१ ला दुसऱ्या श्रेणीत असताना लीग कपच्या फायनलला मँचेस्टर युनायटेडला हरवलं होतं. २००० साली प्रीमियर लीगमधून उतरलो ते अजून परत गेलो नाही.

शैलाआत्या: मालकानेही पैसे घातलेच असतील ना? त्याचंही बुडालंच असेल की.

मंगेश: घातले आत्या, भरपूर घातले, नाही कोण म्हणतं. २०१५ ला घेतला आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या वेम्बलीत, वरच्या श्रेणीत जायच्या प्ले-ऑफच्या फायनलला गेलो. हल सिटीकडून १-० हरलो. वर गेलो असतो तर टीव्हीच्या पैशानं सगळं फिटलं असतं. या आशेवर दुसऱ्या श्रेणीतले कितीतरी क्लब मिळकतीपेक्षा जास्त पगार देतात. तीन वर्षांत ३ कोटी ९० लाख पौंडांपर्यंत तोटा चालतो असा नियमच आहे, म्हणजे तोटा धरूनच चाललेला धंदा. मग हिशेब जमेना तेव्हा २०१९ मध्ये स्टेडियम विकलं. कुणाला, माहितीये? मालकांच्याच दुसऱ्या कंपनीला.

बापूकाका: म्हणजे तालमीची जागा अध्यक्षानं स्वतःच्या नावावर घेतली?

मंगेश: तसंच. विकली त्याच्याच कंपनीला आणि क्लबच्या वहीत नफा दाखवला.

बापूकाका: हितं पेठ रस्त्यावर उतरली असती.

मंगेश: इथेही नंतर उतरली. त्या व्यवहारावरून १२ गुण कापले होते, अपिलात ६ झाले. आणि २०२१ मध्ये नेमक्या त्या सहा गुणांमुळे तिसऱ्या श्रेणीत पडलो. गुण मैदानावर मिळवलेले होते, काका. वहीतल्या एका ओळीनं गेले. माझी मुलगी सात वर्षांची होती तेव्हा. तिनं विचारलं होतं, बाबा, आपण चुकीचं काय केलं? काय सांगणार तिला?

केतकी (लेस्टर): दादा, १० ऑगस्टला तू आमच्याकडे उतरला होतास तो दिवस मी विसरले नाहीये. आमच्या लेस्टरविरुद्ध पहिला सामना, आणि सुरू झाला तेव्हा तुमच्या बाजूच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या.

मंगेश: हो. सगळे आत जिन्याखाली थांबलो होतो, निषेध म्हणून. माणसं एकमेकांना चिकटून उभी, शिट्टी ऐकू आली आणि कुणी हललं नाही. तिकिटाचे पैसे भरून सामना न बघणं काय असतं ते त्या दिवशी कळलं. मग वर आलो, पहिला गोल आम्हीच केला, चालोबानं. संघात धड माणसं नव्हती, मॅनेजर जुलैअखेर सोडून गेलेला, पगार उशिरा, तरी खेळली पोरं. शेवटी २-१ हरलो. कॅप्टन बॅनन २०१५ पासून इथे आहे. त्याला केव्हाही जाता आलं असतं, पण सही करून राहिला. अशा माणसासाठी घसा बसेपर्यंत ओरडतो मी.

शैलाआत्या: आणि त्या क्लबात काम करणाऱ्या बायाबापड्या? त्यांचा पगार?

मंगेश: तोही उशिरा, आत्या. खेळाडूच्या बँकेत निदान काहीतरी असतं. तिकीट खिडकीवर बसणाऱ्या बाईचं काय? गवत कापणाऱ्याचं काय? मला खरा राग त्याचा आहे.

आमच्याकडे लोकांनी ठरवलं की क्लबला एक पेनी द्यायची नाही. मफलर नाही, चहा नाही, पाय-पेस्ट्री नाही. २२ ऑक्टोबरला घरचा सामना होता, वारही बुधवारच, आणि मैदान ओस. मीही गेलो नाही. घरात बसून रेडिओ लावला आणि पाच मिनिटांत बंद केला. दोनच दिवसांनी प्रशासक आले. त्याच दुपारी क्लबच्या दुकानासमोर रांग! आता पैसे क्लबच्या कामाला लागणार, मालकांकडे जाणार नाहीत, हे कळलं ना. माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते, हातात काठी, पावसाची भुरभुर चालू. म्हणाले, दोन वर्षं इथून काही घेतलं नाही, आज बायकोसाठी चहाचा मग घेतोय, जुना फुटला तरी तिनं दुसरा आणू दिला नव्हता. दुकानातले कप्पे रिकामे होत होते आणि पोरी मागून खोकी आणून लावत होत्या. शनिवारी मैदान गच्च. हरलो, पण शेवटपर्यंत कुणी उठलं नाही.

बापूकाका: आता एक सांग. सरकार काय करत होतं इतकी वर्षं? आपल्याकडं सरकार खेळात आलं की लोक नको म्हणतात. तिकडं?

मंगेश: इकडे लोकच म्हणत होते की या आता. २०१९ मध्ये बरी नावाचा १८८५ सालचा क्लब पैशापायी लीगमधून काढून टाकला. मग एप्रिल २०२१ मध्ये इथल्या सहा मोठ्या क्लबांनी युरोपातल्या आणखी सहांबरोबर स्वतःची वेगळी सुपर लीग काढली. चिन्मय, तुझी सिटीसुद्धा त्यात होती. लोक रस्त्यावर आले आणि दोन-तीन दिवसांत सगळे माघारी. तेव्हा जॉन्सन पंतप्रधान होते. त्यांच्याच पक्षाच्या ट्रेसी क्राउच यांना समिती दिली, आणि त्या बाईंनी खरंच देशभरच्या चाहत्यांचं ऐकून अहवाल लिहिला. मला तो पक्ष आवडत नाही, पण हे काम त्यांचं, ते नाकारणार नाही. सुनक यांनी मार्च २०२४ मध्ये विधेयक आणलं, निवडणूक लागली आणि ते बुडालं. मजूर पक्षानं परत आणलं. तर ज्यांनी आधी आणलं होतं त्यांनीच विरोधात मत दिलं! यंदा २१ जुलैला कायदा झाला. जॉन्सन, ट्रस, सुनक, स्टार्मर. चार पंतप्रधान लागले एका कायद्याला.

चिन्मय: त्यात आहे काय नक्की?

मंगेश: स्वतंत्र नियामक. क्लब चालवायला परवाना लागणार. मालकाचा पैसा कुठून येतो, पुढची वर्षं कशी निभावणार, हे आधी दाखवायचं. स्टेडियम विकायचं तर परवानगी. चिन्ह, घरच्या जर्सीचे रंग बदलायचे तर चाहत्यांना विचारायचं. २०१९ ला हे असतं तर आमचं हिल्सबरो स्टेडियम असं हातातून गेलं नसतं. पण नियामक अजून उभा राहतोय, परवाने द्यायला वेळ आहे. आम्ही बरोबर मधल्या खड्ड्यात पडलो.

केतकी: आणि त्या नियामकाच्या अध्यक्षाची निवड? संस्कृती-क्रीडा खात्याच्या मंत्री नँडीबाईंना माफी मागावी लागली गेल्या महिन्यात. ज्याला नेमलं त्यानेच त्यांच्या जुन्या प्रचाराला देणगी दिलेली, आणि ते वेळेत सांगितलं नाही.

मंगेश: चुकलंच. मी स्टार्मरना मत दिलंय तरी चुकलंच म्हणतो. क्लबच्या मालकाला पै-पैचा हिशेब विचारायचा तर आपलं घर आधी लख्ख हवं. हिल्सबरो कायद्याचंही तेच. काका, १९८९ च्या १५ एप्रिलला आमच्या मैदानात लिव्हरपूलची माणसं चेंगरून गेली. ९७. पोलिसांनी दोष चाहत्यांवर ढकलला, आणि ती माणसं बेकायदा मारली गेली असं ज्युरीनं म्हणायला २०१६ उजाडलं. मुख्य दारापाशी स्मारक आहे, सामन्याआधी मी तिथे थांबल्याशिवाय आत जात नाही. सरकारी माणसानं खरंच बोललं पाहिजे असा कायदा आणू, यंदाच्या १५ एप्रिलच्या आत आणू, असं स्टार्मर म्हणाले होते. तारीख गेली. विधेयक सप्टेंबरमध्ये आलं. आलं हे चांगलं, पण त्या आयांना दिलेली तारीख पाळायला हवी होती.

शैलाआत्या: मग लोक त्या फराजकडे चाललेत ते यामुळेच का?

मंगेश: थोडं यामुळे. आमच्या शेजारचं डॉनकास्टर, मे महिन्यात तिथल्या महापालिकेत फराजच्या रिफॉर्म पक्षाला बहुमत मिळालं. खाणी बंद झालेला भाग आहे, आत्या. मजूर सरकारनं बहुतेक म्हाताऱ्यांचा हिवाळ्याचा इंधन भत्ता काढला, वर्षभरानं बहुतेकांना परत दिला, पण एक हिवाळा गेला तो गेलाच. माझ्या रांगेत बसणारा एक जण चाळीस वर्षं मजूर पक्षाला मत देत आलाय, आता तिकडे देणार म्हणतो. माणूस वाईट नाही. माझी मुलगी थंडीनं कुडकुडत होती तेव्हा स्वतःचा कोट काढून दिलाय त्यानं. पण ऑगस्ट २०२४ मध्ये रॉदरहॅमजवळ आश्रय मागायला आलेल्या परदेशी लोकांना ठेवलेल्या हॉटेलला जमावानं आग लावली, ते माझ्या घरापासून फार लांब नाही. त्या आठवड्यात मी बायकोला एकटीला बसनं जाऊ दिलं नाही. त्याला हे सांगितलं मी. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, तुम्ही तसले नाही. मी म्हटलं, आम्ही तेच आहोत.

बापूकाका: बरोबर बोललास.

केतकी: दादा, मला त्याचीच भीती आहे. २०२१ ला आले, पुढच्या वर्षी पाच पुरी होतात. इथे कायम राहायच्या परवान्याला पाचाची दहा वर्षं करणार म्हणतात. धाकटीची शाळा, घराचं कर्ज, सगळं पाच धरून आखलेलं.

मंगेश: माहितीये. मला हेच खुपतंय ग. अर्ध्या सामन्यात गोलपोस्ट हलवायचा नसतो. नवीन येणाऱ्याला नवा नियम लावा, तो बघून येईल. जो आधीच आलाय, कर भरलाय, रुग्णालयात रात्रपाळी केलीय, त्याच्या खात्यातून पाच वर्षं कापायची? गुण कापण्यासारखंच आहे ते. चूक कुणाची, भरतंय कोण. आणि हे मजूर पक्षाचं सरकार करतंय, म्हणून जास्त लागतं. अजून ठरलेलं नाही, सरकारनं मतं मागवली आहेत. लिहायचं त्यांना. तुझं म्हणणं तुझ्या शब्दांत.

केतकी: मला इतकं सुचणार नाही रे.

मंगेश: आत्ता लिहिलंस ना, शाळा, कर्ज, पाच वर्षं. तेच लिही. उद्या रात्री ९ ला फोन कर, दोघं मिळून भरू.

चिन्मय: काका, एवढं सगळं होऊन एकदा तरी चांगलं झालं का तुमच्या टीमचं?

मंगेश: १८ मे २०२३. तिसऱ्या श्रेणीतून वर यायच्या प्ले-ऑफचा पहिला सामना पीटरबरोकडे ४-० हरलो होतो, आणि दोन सामन्यांचे गोल मिळून धरतात. दुसऱ्याला माणसं उगाच जायचं म्हणून गेली. एक झाला, दोन झाले, तीन झाले. ९० मिनिटं संपली, भरपाईच्या वेळेची आठ गेली आणि पामरनं चौथा घातला, बरोबरी झाली. लहानपणापासून याच क्लबात वाढलेला पोरगा. माझ्या मागच्या रांगेतली बाई माझ्या अंगावर पडली, माझा चष्मा कुठेतरी गेला. पेनल्टीवर जिंकलो ते मी धूसरच बघितलं. मग वेम्बलीत फायनलला १२३ व्या मिनिटाला विंडासनं डोक्यानं गोल घातला. मुलीला मिठीत धरलं तर ती म्हणाली, बाबा, तुम्ही रडताय.

चिन्मय: ❤️ हायलाइट्स शोधतो.

बापूकाका: मंगेश, ते दुकान अजून चालू आहे का? एक मफलर घे माझ्यासाठी. पैसे इथं वहिनीकडं देतो.

मंगेश: पैसे नकोत काका. थंडीत कामाला येईल, लोकरीचा जाड घेतो.

बापूकाका: पैसे घ्यायचे. क्लबला जातायत म्हणालास ना? मग माझे गेले पाहिजेत. आणि दोन घे, एक तालमीत लावतो.