हुमा, मत्स्यघुबड की मासेखाऊ घुबड?

काठावरची: गावच्या ओढ्याकाठी पक्ष्यांची पाटी लावायची आहे, मजकूर माझ्याकडे. ब्राउन फिश आउलला मी ‘मत्स्यघुबड’ लिहिलं. सासरे म्हणाले, “हे कोण आणि? आपला हुमा आहे तो.” काय ठेवू? शनिवारी छपाई.

शिळोपा: मत्स्यघुबड नको, ताई. मत्स्यकन्या कमरेखाली मासा असते. मग हे?

तत्समप्रेमी: थट्टा पुरे. मुळात मत्स्य संस्कृत, घुबड देशी. मोट बांधायचीच तर ‘मत्स्योलूक’ म्हणा.

शिळोपा: आणि ओढ्यावर धुणं धुणाऱ्या मावशींना विचारा, मत्स्योलूक दिसला का! खंड्याही मासेच खातो, त्याला कुणी मत्स्यखंड्या केलंय?

रानवाटा: ‘मासेखाऊ’ही अर्धंच खरं. त्याच्या बसायच्या दगडाखाली मी खेकड्यांच्या नांग्यांचा खच पाहिलाय. बेडूक, उंदीर, पाखरंही चालतात. मासेमारी दिसते ती पायांत. शृंगी घुबडासारखी पिसांची विजार नाही, नडग्या उघड्या, आणि तळव्याला टोचरे खवले, बुळबुळीत मासा सुटू नये म्हणून. उडताना पंख वाजतात, कारण बाकी घुबडांच्या पिसांना असते ती मऊ झालर याला नाही. पाण्यातल्या माशाला कुठे ऐकू जाणार!

कोसकोस: हुमा फारसी आहे. ज्याच्यावर त्याची सावली पडेल तो बादशहा होतो, तो पक्षी.

काठावरची: घुबडाला? घरावर बसलं तर लोक हाकलतात हो.

कोसकोस: म्हणूनच. बांगडी फुटली न म्हणता वाढवली म्हणतो ना आपण? तसंच.

रानवाटा: एवढं लांब कशाला? तिन्हीसांजेला घळीतून ‘हूऽम, हूऽम’ घुमतं, झालं नाव. शास्त्रीय नावातलं ‘केटुपा’सुद्धा मलय लोकांच्या बोलीतलंच आहे.

शिळोपा: आमच्या आजोळी मात्र हुमा म्हणजे कड्यातलं शृंगी घुबड. आजोबांशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती.

रानवाटा: कानावर तुरे दोघांनाही. अंधारात आजोबांनी पाय पाहिले होते का?

शिळोपा: आजोबांवर जाऊ नका.

तिरफळ: उशिरा आलो. आमच्या गोव्यात माशाची आमटी म्हणजे हुमण. हुमण खातो तो हुमा!

तत्समप्रेमी: कोकणीत हुमाणें म्हणजे कोडंही. तुमची व्युत्पत्ती तिथूनच आली असावी.

काठावरची: अहो, पाटी! आणि तो हुमा की ते हुमा, तेवढं तरी सांगा.

तत्समप्रेमी: घुबड नपुंसकलिंगी, म्हणून ‘ते’.

शिळोपा: सासरे ‘तो’ म्हणाले ना? मग तो.

कोसकोस: तिरफळराव, हुमणात तिरफळं घालता का?

तिरफळ: बांगडा असेल तर घालायचीच. ठेचून, शेवटी.

शिळोपा: आमच्याकडे अख्खी टाकतात. ठेचली की कडवटतं.

तिरफळ: कुणी सांगितलं?