मदत हवी आहे: स्लीप अॅप्निया आणि गाढ झोपेसाठी आवाज

नमस्कार मंडळी, आमच्या बाबांना (वय ६१) स्लीप अॅप्निया आहे, म्हणजे झोपेत श्वास मध्येमध्ये थांबतो. मागच्या महिन्यात ठाण्यात त्यांची स्लीप स्टडी (रात्रभर झोपेची तपासणी) केली, एएचआय ३४ आला म्हणजे तासाला ३४ वेळा श्वास अडखळतो, ३० च्या वर सिव्हिअर धरतात. सीपॅप (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाचा मार्ग उघडा ठेवणारं मशीन) लावतात पण कुरकुर करत, आणि सकाळी उठून परत पेपर हातात घेऊन पेंगतात. डॉक्टर म्हणाले रिपोर्टमध्ये गाढ झोप फारच कमी दिसतेय.

मग मी वाचत बसलो. २०१३ मध्ये जर्मनीत ११ जणांवर प्रयोग झालेला, झोपेत मेंदूच्या स्लो वेव्हची (गाढ झोपेतल्या संथ लहरींची) लय पकडून बरोब्बर त्या वेळी पिंक नॉइजचे (सळसळीसारख्या आवाजाचे) बारीक ठोके ऐकवले तर त्या लहरी वाढल्या आणि आदल्या रात्री पाठ केलेले शब्दही जास्त आठवले. पण ती सगळी धडधाकट तरुण मंडळी! अॅप्नियावाल्याची झोप आधीच शंभरदा मोडते, त्यात आवाजाने अजून मोडली तर? (घोडबंदर रोडला राहतो, रात्रभर ट्रकचे हॉर्न फुकट असतातच म्हणा.)

अॅप्निया पेशंटवर असं कोणी करतंय का, ठाणे-नवी मुंबईत कोणाला विचारावं? सीपॅप बंद करायचा विचार नाहीये, तो चालूच राहणार. मोबाइलवरचे पावसाच्या आवाजाचे अॅप प्लीज सुचवू नका, ते लहर बघून वाजत नाहीत.