खालच्या शेवटच्या दाढेला धातूची कॅप की पांढरी? आणि जुनी चांदी काढू का?

माशेलची बाई

नमस्कार. वय ४७, प्राथमिक शाळेत शिकवते. उजवीकडची खालची, अक्कलदाढेच्या अलीकडची दाढ रूट कॅनाल करून घेतली. आता कॅप घालायलाच हवी म्हणतात. फोंड्याच्या क्लिनिकात तीन भाव सांगितले: निव्वळ धातूची ३ हजार, आत धातू वर सिरॅमिक ५ हजार, झिर्कोनिया (बिनधातूची, पांढरी) ११ हजार, वर पंधरा वर्षांचं वॉरंटी कार्ड. डॉक्टर फारसं बोलत नाहीत, पण काउंटरवरच्या मुलीने झिर्कोनियाचा धोशा लावला होता. नवरा म्हणतो, एवढ्या आत कोण डोकावणार, धातूची घाल. मुलगी म्हणते, आई, तू हसलीस की तुझा घसासुद्धा दिसतो.

मी रात्री दात खाते, हे घरच्यांच्या झोपमोडीवरून सिद्ध आहे. कुर्ल्यांचे डेंगे दातांनीच फोडते आणि ते कोणाच्याही सांगण्याने सुटणार नाही. शिवाय दाढ बुटकी आहे, 'वर फार काही उरलेलं नाही' असं डॉक्टर म्हणाले.

दुसरं, वरच्या एका दाढेत मी शाळेत असताना भरलेली चांदी आहे. काळी पडलीय, पण दुखत नाही, ठणकत नाही. तीही काढून पांढरं सिमेंट भरू, असं सुचवलंय. नेमकं आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर पाऱ्याबद्दल काहीतरी फिरतंय, त्यामुळे धास्ती बसलीय.

डिचोलीकर

बाई, चांदी ताबडतोब काढा. त्यात अर्धा पारा असतो. युरोपात बंदी आलीय, ती उगाच नाही. एकदा काढायला बसलात की तोंडातली सगळीच काढून टाका.

कॅपवाला, म्हापसा

मी डॉक्टर नाही. दातांच्या लॅबमध्ये कॅपा बनवतो, केस त्यातच पिकले. त्यामुळे कुठल्या कॅपा आमच्याकडे फुटून परत येतात, ते रोज बघतो.

आधी डिचोलीकरांचं. वजनाने जवळपास अर्धा पारा असतो, हे खरं. युरोपियन युनियनने १ जानेवारी २०२५ पासून ती भरणं बंद केलं, हेही खरं. पण त्यामागे मोठं कारण पर्यावरणाचं: पारा सांडपाण्यात जातो, तिथून माशांत आणि शेवटी आपल्याच ताटात येतो. घट्ट बसलेल्या चांदीतून वाफ अगदी थोडी निघते. ड्रिल लावून ती उकरता, तेव्हा जास्त निघते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०२० मध्ये गरोदर बायका, लहान मुलं वगैरेंना नवी चांदी शक्यतो भरू नका म्हटलं, आणि त्याच वेळी सांगितलं की चांगली बसलेली जुनी चांदी गरज नसताना काढू नका. बाईंनी एक्स-रे काढून घ्यावा. कड तुटलेली नसेल, खाली कीड नसेल, दाढेला चीर नसेल, तर आहे तशी राहू द्या. काळी दिसते एवढं कारण पुरेसं नाही. दर वेळी उकरताना चांगला दातही थोडा जातोच.

पांढरं सिमेंट वाईट नाही, दाताला चिकटतं ही त्याची मोठी जमेची बाजू. पण ते नखराखोर. भरताना थुंकीचा किंवा रक्ताचा थेंब लागला की पकड गेली. निळ्या लाइटखाली पातळ थर देत भरावं लागतं, कारण घट्ट होताना ते आकसतं. खोल, हिरडीखाली गेलेल्या खड्ड्यात कोरडं ठेवणंच कठीण. डॉक्टर रबर डॅम, म्हणजे दात कोरडा ठेवणारा रबरी पडदा, लावतात का, ते विचारा. चांदी तेवढी मिजासखोर नव्हती, म्हणून आपल्या आईवडिलांच्या दाढांत ती टिकली.

आता कॅप. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'बुटकी' आहे, रंग नाही. आत धातू वर सिरॅमिक करायची तर दोन्हींना जाडी हवी, म्हणजे दाढ वरून दीड ते दोन मिलिमीटर घासावी लागते. तुमच्याकडे तेवढी उंचीच नाही. घासून खुंटी आखूड झाली की कॅप सुटून हातात येते. त्यात तुम्ही दात खाता, म्हणजे सिरॅमिकचे टवके उडणार. ती ५ हजारांची मधली कॅप तुमच्यासाठी नाहीच, असं मी बेधडक सांगतो.

राहिल्या दोन. धातूची कॅप बाजूंनी अर्धा मिलिमीटर घासलं तरी बसते, फुटत नाही, समोरच्या दाताला त्रास देत नाही. अखंड झिर्कोनियाही मजबूत, वरून साधारण एक मिलिमीटर जागा मागते. मात्र 'अखंड' हा शब्द पावतीवर लिहून घ्या. वर सिरॅमिक चढवलेली झिर्कोनियाही असते, तिचेही टवके उडतात. आणि बसवल्यावर चावा जुळवायला डॉक्टरांनी ती घासली, तर पुन्हा पॉलिश करायला सांगा. खरखरीत राहिलेली झिर्कोनिया समोरच्या दाढेला कानशीसारखी खाते.

माझं मत: धातूची. उरलेल्या पैशांत रात्री घालायचा गार्ड करून घ्या.

जत्रेतला नट

पुढच्या दातांची गोष्ट निराळी, एवढंच जोडतो. माझ्या सुळ्याशेजारच्या दाताला धातूवर सिरॅमिकची कॅप होती. हिरडी वर सरकली आणि कडेला काळी रेघ उघडी पडली. कालोत्सवातल्या नाटकात फोकस तोंडावर आला की तीच आधी दिसायची. तिथे मी पैसे मोजून पांढरी घातली. शेवटच्या दाढेवर मीही खर्च केला नसता.

माशेलची बाई

कॅपवाले दादा, आभार. दोन शंका. खोटे कानातले घातले की मला कान खाजतात, पाणीसुद्धा येतं. धातूची कॅप चालेल? आणि ते वॉरंटी कार्ड कशाचं?

कॅपवाला, म्हापसा

बरं झालं विचारलंत. ती निकेलची अॅलर्जी असू शकते, आणि स्वस्तातली धातूची कॅप बहुतेक निकेल-क्रोमची असते. डॉक्टरांना आधीच सांगा. निकेल नसलेली कोबाल्ट-क्रोमची मागता येते, थोडे पैसे जास्त. ते जमत नसेल तर तुमच्या बाबतीत अखंड झिर्कोनिया घेणंच बरं, मग ११ हजारांना माझी हरकत नाही.

वॉरंटी शक्यतो कॅपेच्या तुकड्याची असते. खाली दाढ किडली, मुळात पू झाला, तर त्यात येत नाही. डॉक्टरांची फी कोण देणार, तेही कार्डावर वाचून बघा.

मन द्विधा असेल तर एक्स-रे घेऊन बांबोळीला, गोवा डेंटल कॉलेजात दाखवा. वेळ मोडेल, पण तिथे कोणी काउंटरवरून कॅप विकत नाही. चतुर्थीच्या आधी जा, नंतर माझ्याकडेही फुटलेल्या कॅपांची रांग लागते. नेवऱ्यांपेक्षा चकल्या जास्त फोडतात.