न्यूझीलंडचं दक्षिण बेट : दोघांसाठी ११ रात्रींचा कारप्रवास, बेत तपासून हवा आहे

भटकीजोडी

मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही नवराबायको न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर जातोय. हातात ११ रात्री आहेत. गाडी क्राइस्टचर्चला घ्यायची आणि तिथेच परत द्यायची. परतीचं विमान शेवटच्या दिवशी दुपारी एकला आहे. दोघंही गाडी चालवतो, डाव्या बाजूने चालवायची सवय आहे. डोंगर, तळी, हिमनद्या आणि रात्रीचं आकाश यासाठी जातोय. बंजी, जेटबोट वगैरे नको. रोज दोनतीन तास चालणं दोघांनाही जमतं.

सध्याचा बेत असा: क्राइस्टचर्च १, टेकापो १ (माउंट कुक जाताजाता), क्वीन्सटाउन ३ (त्यातला एक दिवस मिलफर्ड साउंडला जाऊन परत), वानाका १, फ्रान्झ जोसेफ १, पुनाकाइकी १, नेल्सन २, काइकुरा १.

नकाशावर एकाही दिवसाचं अंतर अवाजवी वाटत नाही. तरी कुठे अडेल? आणि गाडी साधी घ्यावी की फोर व्हील ड्राइव्ह?

दक्षिणवारा

अडेल ते किलोमीटरवर नाही, तासांवर आणि उजेडावर. दक्षिण बेटावर बहुतेक रस्ते दुपदरी आहेत, वळणाचे आहेत आणि मुख्य म्हणजे दर दहा मिनिटांनी थांबावंसं वाटेल असे आहेत. नकाशा चार तास दाखवतो तिथे सहासात धरा. मार्चच्या उत्तरार्धात ते आनाऊकडे सूर्य साडेसातच्या पुढे उगवतो आणि पावणेआठच्या सुमारास मावळतो, म्हणजे जेमतेम बारा तास. रात्री गाडी चालवली तर ज्यासाठी एवढ्या लांब गेलात तेच अंधारात मागे पडणार.

आता तुमचा बेत. पहिली चूक मिलफर्डची. क्वीन्सटाउनहून मिलफर्ड एका बाजूला सुमारे २९० किलोमीटर, न थांबता चार तास. जाऊनयेऊन आठ, त्यात दोन तासांची बोट. वाटेतली एग्लिंटन दरी, मिरर लेक्स, लेक गन सगळं खिडकीतूनच बघावं लागेल, आणि परतताना शेवटचा टप्पा दमलेल्या डोळ्यांनी अंधारात. त्यापेक्षा ते आनाऊला दोन रात्री राहा. तिथून मिलफर्ड १२० किलोमीटरवर आहे. सव्वासातला, उजेड फुटतानाच निघालात तर साडेदहाची बोट आरामात मिळते. क्वीन्सटाउनच्या बसगाड्यांची गर्दी दुपारकडे होते. परतीच्या वाटेवर द डिव्हाइडला गाडी लावून की समिटची पायवाट करा, जाऊनयेऊन तीन तास.

दुसरी चूक म्हणजे माउंट कुक 'जाताजाता'. टेकापोहून गाव १०५ किलोमीटर, सव्वा तास; त्यातले शेवटचे ५५ पुकाकी तळ्याच्या काठाने, समोर ३,७२४ मीटरचं आओराकी, म्हणजेच माउंट कुक. पण शिखर ढगात असेल तर जाताजाता काहीच दिसत नाही. दोन रात्री ठेवल्या की एक तरी सकाळ किंवा संध्याकाळ मोकळी मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

या दोन्ही गोष्टींसाठी रात्री लागतील, त्या नेल्सन आणि काइकुराच्या काढा. दोन्ही ठिकाणं सुरेख आहेत, पण पुनाकाइकीपासून त्या बाजूने क्राइस्टचर्चला येणं म्हणजे जवळपास सातशे किलोमीटरचा फेरा. तो उत्तर टोकाचा प्रवास वेगळा करण्याच्या लायकीचा आहे, शेपूट म्हणून जोडण्याच्या नाही.

माझा क्रम: क्राइस्टचर्च १, टेकापो १, माउंट कुक २, क्वीन्सटाउन १, ते आनाऊ २, वानाका १, फॉक्स ग्लेशियर २, आर्थर्स पास १.

घाटवळण

गाडीबद्दल. मार्चमध्ये या मार्गावर फोर व्हील ड्राइव्हची गरज नाही, सगळा रस्ता डांबरी आहे. लहान किंवा मध्यम ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी घ्या. वरच्या बेताने सुमारे १,९०० किलोमीटर होतात, इकडचंतिकडचं धरून २,१०० म्हणा. शंभराला सात लिटरच्या हिशेबाने दीडशे लिटर पेट्रोल. डिझेल गाडी स्वस्त दिसली तर आधी एक गोष्ट विचारा. तिथे डिझेलवरचा रस्ता कर पंपावर घेत नाहीत, तो दर हजार किलोमीटरमागे वेगळा भरावा लागतो, आणि भाड्याची गाडी असेल तर तो बिलात मागून जोडला जातो. पंपावर नळीच्या रंगावर जाऊ नका, अक्षरं वाचा. हिरवी नळी तिथे ९१ पेट्रोलची असू शकते, आणि चुकीचं इंधन भरल्याचा खर्च विम्यात सहसा बसत नाही.

विम्याचा कागद सही करण्याआधी वाचा. 'शून्य एक्सेस' (नुकसानीत आपला वाटा शून्य) घेतलं तरी गाडीचं पोट, टप, पाण्यातून गाडी घालणं आणि नावं घेऊन वगळलेले रस्ते बाहेरच राहतात. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅन्यनचा रस्ता जवळजवळ सगळ्या कंपन्या वगळतात. दोघांची नावं चालक म्हणून करारात हवीत. नाव नसलेल्याने ठोकली तर विमा नाही. लायसन्स मूळ लागतं, मोबाइलमधला फोटो चालत नाही. ते इंग्रजीत नसेल तर आंतरराष्ट्रीय परवाना किंवा मान्य भाषांतर बरोबर ठेवा.

रस्त्यावर सर्वात जास्त गोंधळ एकपदरी पुलांवर होतो, आणि पश्चिम किनाऱ्यावर ते भरपूर आहेत. लाल कडेची गोल पाटी आणि त्यात तुमच्या दिशेचा छोटा लाल बाण असेल तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. निळी चौकोनी पाटी आणि तुमच्या दिशेचा मोठा पांढरा बाण असेल तर हक्क तुमचा. हक्क असला तरी वेग कमी करूनच पूल गाठा, कारण समोरचाही तुमच्यासारखाच पाहुणा असू शकतो.

मोकळ्या रस्त्याची मर्यादा ताशी १००, गावात सहसा ५०. पण १०० ही मर्यादा आहे, लक्ष्य नाही. वळणाआधी पिवळ्या पाटीवर ३५, ४५, ६५ असे आकडे असतात, ते अगदी नेमके असतात, तेवढ्यानेच वळा. तुमच्या बाजूला अखंड पिवळी रेघ असेल तिथे ओव्हरटेक नाही. मागे गाड्या साचल्या तर जागा मिळताच डावीकडे थांबून त्यांना जाऊ द्या; स्थानिक लोक रोजच्या कामाला निघालेले असतात. आणि फोटोसाठी रस्त्यातच किंवा वळणावर थांबू नका. पुकाकीच्या काठाने थांबे करून ठेवलेले आहेत.

मिलफर्डला निघताना टाकी ते आनाऊलाच पूर्ण भरा आणि नकाशे मोबाइलवर उतरवून घ्या, कारण पुढे बहुतेक रस्त्यावर नेटवर्क नाही. १.२ किलोमीटरचा होमर बोगदा सिग्नलने एकेरी चालतो. थांबावं लागलं की किआ पोपट जवळ येतात. त्यांना काही खाऊ घालू नका, आणि खिडक्या-दारं बंद ठेवा. गाडीचं रबर त्यांना फार आवडतं.

पाऊलखुणा

दक्षिणवारा यांचा क्रम मान्य, दोन हरकती.

एक, आर्थर्स पासला शेवटची रात्र नको. तिथून क्राइस्टचर्च १५० किलोमीटर, दोन तासच, पण एकच्या विमानासाठी दहाच्या सुमारास विमानतळावर हवं, त्याआधी गाडी परत करायची. राज्य महामार्ग ७३ दरड किंवा अपघाताने बंद झाला तर पर्याय लुइस पासचा, तो कित्येक तासांचा वळसा. शेवटची रात्र क्राइस्टचर्चलाच हवी.

दोन, फॉक्सला दोन रात्री कशासाठी? हिमनदीवर चालत जाता येत नाही, हेलिकॉप्टर लागतं. फॉक्सचा दरीतला मुख्य रस्ता २०१९ पासून बंद आहे. हेलिकॉप्टरचा खर्च आणि ढगांचा भरवसा नसणं पाहता ती रात्र वानाकाला द्यावी. रॉईज पीक १६ किलोमीटर आहे, पाचसहा तास आणि १,२०० मीटरहून जास्त चढ, तो दोनतीन तास चालणाऱ्यांना जड जाईल. पण रॉब रॉय ग्लेशियरची पायवाट तीनचार तासांची आहे आणि हिमनदी समोरासमोर दिसते. मात्र तिथे जाणारा रस्ता कच्चा आणि ओढ्यांतून जाणारा आहे, म्हणजे घाटवळण म्हणतात तो विम्याचा मुद्दा येतो. भाड्याची लहान गाडी तिथे घालू नका, वानाकाहून शटल घ्या.

दक्षिणवारा

शेवटच्या रात्रीचं बरोबर आहे, माझा क्रम तिथे चुकला.

फॉक्सच्या दोन रात्री मी हिमनदीसाठी धरल्या नव्हत्या, पावसासाठी धरल्या होत्या. पश्चिमेकडून येणारे ढग डोंगराला आपटून त्याच बाजूला रिकामे होतात. मिलफर्डला वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि डोंगर ओलांडून टेकापोला गेलात की गवत पिवळं. या किनाऱ्याने जाणारा रस्ता एकच, राज्य महामार्ग ६. मार्च २०१९ मध्ये फ्रान्झ जोसेफजवळचा वायहो नदीवरचा पूल पुरात वाहून गेला आणि मधली वाट तुटली. असं झालं की पलीकडे जायला अख्खं बेट फिरून यावं लागतं. म्हणून तिथे एक दिवस हातचा हवा. तो फॉक्सलाच हवा असं मात्र नाही. फॉक्स १ आणि होकिटिका १ केलं तरी हातचा दिवस राहतो आणि क्राइस्टचर्च जवळ येतं.

फॉक्सला खरं पाहायचं ते मॅथेसन तळं. तळ्याभोवतीची फेरी, दीड तास. पाण्यात डोंगर दिसायला वारा पडलेला लागतो, तो पहाटे असतो. नऊनंतर गेलात तर तळं दिसेल, प्रतिबिंब बहुधा नाही.

भटकीजोडी

मनापासून आभार. आता असं करतोय: क्राइस्टचर्च १, टेकापो १, माउंट कुक २, क्वीन्सटाउन १, ते आनाऊ २, वानाका १, फॉक्स १, होकिटिका १, क्राइस्टचर्च १. बरोबर ११.

तीन शंका. माउंट कुकची राहण्याची जागा फार महाग दिसतेय, ट्वायझलला राहिलो तर? ते आनाऊहून वानाकाला क्राउन रेंजने जावं का? आणि बरोबर खायचं काय नेता येईल?

घाटवळण

ट्वायझल ६५ किलोमीटरवर, पाऊण तास. चालेल, पण पहाटेचा आणि संध्याकाळचा प्रकाश त्या ये-जात जातो. दोनपैकी एक रात्र गावात आणि एक ट्वायझलला हा मधला मार्ग. माउंट कुक गावात किराणा दुकान नाही. टेकापोहून येताना ट्वायझल फाट्याच्या पुढे पडतं, म्हणून खरेदी टेकापोलाच उरका.

क्राउन रेंज अवश्य घ्या. माथा १,०७६ मीटर, मार्चमध्ये अडचण नाही. ते आनाऊहून वानाका २३० किलोमीटर, साडेतीन तास; वाटेत ॲरोटाउनला जेवा. उतारावर ब्रेक दाबून धरू नका, ऑटोमॅटिकमध्येही खालचा गिअर निवडता येतो, तो लावा. ढग माथ्यावर बसलेले असतील तर क्रॉमवेलवरून सपाट रस्त्याने जा, अर्धा तास जास्त लागतो.

पाऊलखुणा

खाण्याबद्दल: मध, ताजी फळं, भाज्या, बिया नेऊच नका. बाकी जे काही न्याल ते प्रवेशाच्या जाहीरनाम्यात लिहा. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतात. न लिहिलेलं एक सफरचंद सापडलं तरी जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. ट्रेकिंगचे बूटही जाहीर करायचे असतात. तळव्यांतली माती टूथब्रशने काढून, धुऊन, वाळवून न्या, नाहीतर तुमच्या आधी तुमचे बूट तपासणीला जातात. लहान गावांत हॉटेलांची स्वयंपाकघरं साडेआठला बंद होतात, त्यामुळे रात्रीचं जेवण मुक्कामीच बनवता येईल अशी किचन असलेली मोटेल खोली बघा.

माउंट कुकला हूकर व्हॅलीची पायवाट पूर्ण १० किलोमीटर, तीन तास. २०२५ मध्ये वरच्या पुलाच्या कामासाठी ती अर्ध्या वाटेपासून पुढे बंद केली होती. निघण्याआधी संवर्धन खात्याच्या संकेतस्थळावर स्थिती पाहा. बंद असेल तर किआ पॉइंट आणि टास्मान हिमनदीचा सज्जा, दोन्ही एका सकाळीत होतात.

दक्षिणवारा

टेकापोसाठी तारखा पक्क्या करण्याआधी चंद्र बघा. तो सगळा भाग २०१२ पासून आओराकी मॅकेन्झी तारांकित आकाश अभयारण्यात आहे, पण पौर्णिमेच्या आसपास आकाशगंगा फिकी पडते. अमावास्येच्या आगेमागे चार दिवस साधता आले तर पूर्ण बेत त्याप्रमाणे सरकवा, इतकं ते मोलाचं आहे. मार्च असला तरी रात्री गार असतं, जाडं जॅकेट आणि कानटोपी लागेल. टॉर्च लाल प्रकाशाचा न्या.

मिलफर्डपासून होकिटिकापर्यंत सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या आहेत. वाऱ्यात त्या उडत नाहीत, अंधारात चावत नाहीत. बाकी वेळ घोट्यांना डीट किंवा पिकारिडिन असलेलं कीटकरोधक मलम लावा आणि गाडीची दारं उघडी ठेवून फोटो काढत बसू नका, आत शिरल्या की पुढचा तासभर त्या बरोबर असतात.

रोज सकाळी निघण्याआधी वाका कोटाही या रस्ते खात्याचा जर्नी प्लॅनर उघडून त्या दिवसाचा रस्ता तपासा. वानाकाहून निघताना तर नक्कीच. हास्ट पासच्या बाजूने काही बंद असेल तर ते वानाकालाच कळायला हवं, कारण त्या दिवशी घाटापलीकडे पेट्रोल हास्टला आणि मग थेट फॉक्सला, मधल्या १२० किलोमीटरमध्ये पंप नाही.