विषय: रात्री दहानंतर एकटीने जेवायला, पण गजबजीत (टोकियो)

प्रेषक: मेघना, निशी-कासाई

नमस्कार मंडळी,

मी चार महिन्यांपूर्वी टोकियोत आले. ऑफिस ओतेमाचीला. युरोपातल्या टीमबरोबरचा कॉल आठवड्यातून तीनदा रात्री सव्वादहाला संपतो. घरी जाऊन गॅस पेटवायचं त्राण नसतं, म्हणून स्टेशनजवळच्या कोन्बिनीतून (रात्रीही उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानातून) उमेबोशीची ओनिगिरी (खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा) घ्यायची आणि खोलीवर लॅपटॉपसमोर बसून खायची, असं चाललंय. परवा हिशेब केला, तर दिवसभरात स्क्रीनबाहेरच्या माणसाशी मी जे काही बोलले ते म्हणजे "पिशवी नको" एवढंच!

मला सोबत नकोय, गप्पाही नकोत. भांड्यांचा आवाज हवाय, शेजारच्याचं हसणं हवंय, कुणीतरी जोरात ऑर्डर ओरडलेली हवीय. आणि त्यात एकटं बसलेलं कुणाला खटकू नये. मॉलमधल्या वरच्या मजल्यांवरची हॉटेलं मी जाईपर्यंत खुर्च्या टेबलावर उलट्या ठेवत असतात.

अंडं चालतं. मांस-मासे नाही. दाशीच्या, म्हणजे बहुधा माशांपासून काढलेल्या साराच्या, बाबतीत मी डोळे मिटून घेते (आईला सांगू नका).

मेघना

---

प्रेषक: अनिकेत, नाकानो

मेघना, एवढं सोपं आहे! शिंजुकू. पश्चिमेच्या दाराने बाहेर पड आणि ओमोइदे योकोचोत शिर. युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून उभी राहिलेली गल्ली आहे, १९९९ साली आगीत बरीच जळाली होती. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने तिरकं व्हायचं एवढीच रुंदी. सात-आठ स्टुलांची दुकानं, निखाऱ्यांचा धूर, गजबज म्हणशील तर कान किटतील. तिथून पुढे पूर्वेला गोल्डन गाई, दोनशेच्या वर चिमुकले बार. नाहीतर एबिसू योकोचो, २००८ पासूनची छपराखालची गल्ली, सगळी दुकानं एकमेकांत मिसळलेली.

एकटं खायचं तर टोकियोसारखं शहर नाही.

अनिकेत

---

प्रेषक: शरद, निशी-कासाई

अनिकेत, तू पाहुण्यांना फिरवायची यादी दिलीस. तिने रोजच्या जेवणाचं विचारलंय.

मेघना, मी इथे सव्वीस वर्षं आहे, त्यातली पहिली सहा एकट्याने काढली. तेव्हा आमचा आधार म्हणजे फॅमिली रेस्टॉरंट. रात्री दोन वाजता जा, कोपऱ्यातलं टेबल, ड्रिंक बार, कुणी उठ म्हणत नसे. ते दिवस गेले. रॉयल होस्टने २०१७ मध्येच चोवीस तास बंद केलं, स्कायलार्कवाल्यांनी २०२० मध्ये. नंतर कोरोनात दुकानं आठला मिटायला लागली आणि काहींनी ती सवय सोडलीच नाही. म्हणून कुणी जुन्या आठवणीवरून "अमुक ठिकाणी पहाटेपर्यंत चालू असतं" म्हणालं तर आधी वेळ तपासायची. वेळ म्हणजे बंद व्हायची नव्हे, लास्ट ऑर्डरची. ती बहुधा अर्धा तास आधी असते. साडेअकराला बंद होणाऱ्या दुकानात तू अकराला पोचलीस तर स्वयंपाकी तवा घासत असतो.

आता मुद्दा. शिंजुकू तुझ्या वाटेवर नाही. ओतेमाचीहून उलट दिशेला जायचं, जेवायचं आणि शूदेनच्या, म्हणजे शेवटच्या गाडीच्या, धसक्याने घास गिळायचे. शेवटची गाडी बाराच्या पुढेमागे सुटते, पुढची पहाटे पाचच्या आसपास. टॅक्सी आहे, पण रात्री १० ते पहाटे ५ मीटर वीस टक्के जादा पळतं. २०२२ पासून सुरुवात ५०० येनला होते याच्यावर भुलू नकोस, ते पहिल्या किलोमीटरपुरतं. शूदेन डोक्यात असताना माणूस कितीही गर्दीत बसला तरी तो फलाटावरच असतो.

तेव्हा घर आणि ऑफिस यांच्या मधलं स्टेशन शोध. तुझ्या तोझाई लाइनवर ते देवानेच घालून दिलंय: मोन्झेन-नाकाचो. ओतेमाचीहून तिसरं, तिथून निशी-कासाई चौथं. आम्ही सगळे 'मोन्नाका' म्हणतो. नावाचा अर्थच देवळाच्या दारापुढची वस्ती. फुकागावा फुदोचं देऊळ आणि तोमिओका हाचिमान स्टेशनला लागून आहेत, आणि देवळापुढे दारूची दुकानं ही इथली जुनी रीत. तात्सुमी शिन्दो नावाचा एक बोळ आहे, दोन्ही बाजूंना बारकी बारकी दुकानं, शोवा काळात (१९८९ च्या आधीच्या) अडकलेली. बोळ पाहून घे, पण पहिल्या दिवशी तिथे घुसू नकोस, तिथली बरीच दुकानं ओळखीवर चालतात. मोठ्या रस्त्याच्या मागच्या गल्ल्यांत काउंटरवाली इझाकाया (दारूबरोबर जेवणही देणारी दुकानं) भरपूर आहेत. तिथे परिसरातले लोक जेवतात, फोटो काढत नाहीत.

शरदकाका

---

प्रेषक: सुहास, कावागुची

काका म्हणाले नाहीत ते मी सांगतो, कारण मी पैसे मोजून शिकलोय. शिंजुकूच्या काबुकिचोत रस्त्यावर हसतमुख माणूस "एक तास, एवढेच येन, चला" म्हणाला तर थांबायचंसुद्धा नाही. मी थांबलो. दोन बिअर आणि शेंगदाणे. बिलावर बसण्याचे वेगळे, सेवेचे वेगळे, रात्रीचे वेगळे, आणि एक ओळ अशी की ती कशाची हे आजतागायत कळलं नाही. ते लोक गिऱ्हाईक ओढायला उभे असतात, आणि तसं ओढणं इथे बेकायदा आहे. त्याच रस्त्यावर त्यांच्यापासून सावध राहा म्हणून भोंगे ओरडत असतात, मला तेव्हा ती जाहिरात वाटली. चांगल्या दुकानाला दारात माणूस उभा करावा लागत नाही.

ओतोशीची गोष्ट वेगळी. इझाकायात बसल्याबरोबर न मागता एक वाटी पुढे येते आणि बिलात तीनचारशे येन लागतात. ती फसवणूक नाही, ते बसण्याचं भाडं समज. त्यावरून भांडू नकोस.

---

प्रेषक: वैशाली, तोयोचो

सगळे पुरुष पत्ता सांगताहेत, दार कसं उघडायचं ते कुणी सांगत नाही. मी आठ वर्षं रात्रपाळीच्या लॅबमध्ये होते, मला विचार.

इझाकायाचं दार सरकतं असतं, लाकडी, वर नोरेन, म्हणजे कापडी पडदा. आतलं काही दिसत नाही. पहिल्या वेळी मी त्या दारापुढून चार फेऱ्या मारल्या, पाचव्या वेळी फोनवर बोलत असल्याचं नाटक केलं आणि शेवटी कोन्बिनीत गेले. तेव्हा पहिल्यांदा काचेचं दार किंवा पडदा अर्धाच असलेलं दुकान निवड. बाहेरून तीन गोष्टी बघायच्या. स्वयंपाकी कुठे तोंड करून उभा आहे? काउंटरकडे असेल तर उत्तम, कारण मग एकट्याने बसलेल्याला बघायला काहीतरी असतं. काउंटरवर आधीच एखादा एकटा आहे का? आणि किती वाजलेत? सात ते नऊ टोळकी असतात, तेव्हा एक माणूस म्हणजे अडचण. साडेदहाला टोळकी गाडी पकडायला उठतात आणि काउंटर मोकळा होतो. तुझी वेळ वाईट नाही, चांगलीच आहे.

दार सरकव, एक बोट वर कर, "हितोरी देसु", म्हणजे एकटीच आहे. पुढचं ते बघतात. 'ओहितोरीसामा' म्हणून एकट्या गिऱ्हाइकाला इथे मानाचा शब्दच आहे. बॅग मांडीवर धरून बसू नकोस, काउंटरखाली हूक किंवा पायाशी टोपली असते. आणि एक पेय मागव, उलोंग चहासुद्धा चालतो. काहीच न पिता नुसतं जेवून उठणं इझाकायात बरं दिसत नाही.

खाण्याचं: "बेजितारियन" म्हणू नकोस, सॅलडवर हॅम येतं. "निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन" म्हण, म्हणजे मांस-मासे खाता येत नाहीत. एदामामे (सोयाबीनच्या शेंगा), भाजलेल्या शिताके (अळंबी), शिशितोच्या मिरच्या, याकी-ओनिगिरी (भाजलेली ओनिगिरी), तामागोयाकी (अंड्याची गुंडाळी) मागव. थंड तोफूवर मात्र कात्सुओबुशी (सुक्या माशाची कातळी) हलत असते, तिला "नुकी दे" सांगायचं, म्हणजे ती वगळून देतात. शिताके कोंबडीच्याच जाळीवर भाजतात, ते चालत नसेल तर याकितोरीच्या (काडीवर कोंबडी भाजणाऱ्या) दुकानांचा नाद सोड. तामागोयाकीत दाशी असतेच, पण तू डोळे मिटतेस म्हणालीस.

अगदीच धीर झाला नाही तर कोको इचिबान्या, करी-भाताची साखळी. त्यांच्याकडे प्राणिजन्य काही नसलेली वेगळी व्हेजिटेरियन करी असते, सगळ्या शाखांत नाही, बाहेर विचारून घे. गजबज मात्र तिथे मिळणार नाही. तिथे सगळे मान खाली घालून खातात.

वैशाली

---

प्रेषक: यादी व्यवस्थापन

कृपया उत्तर देताना खालची सगळी मेल चिकटवू नका. शाकाहारी रामेनसाठी विषय बदलून वेगळा धागा काढा, इथे लिहू नका. अनिकेत, ही सूचना तुमच्यासाठी.

---

प्रेषक: अनिकेत, नाकानो

रामेनबद्दल एकच ओळ, मग गप्प. टपरीवजा दुकानात आधी यंत्रातून कूपन घ्यावं लागतं, आणि जुलै २०२४ मध्ये आलेल्या नव्या नोटा काही जुनी यंत्रं थुंकतात. सुटी नाणी ठेव.

आणि ताबेलोग (हॉटेलांना गुण देणारी साइट) बघत असशील तर ३.५ म्हणजे वाईट समजू नकोस, तिथे साडेतीन म्हणजे डिस्टिंक्शन. 'एकट्याने जायला सोपं' असा शेराही असतो त्यात.

---

प्रेषक: मेघना, निशी-कासाई

मंडळी, काल गेले.

मोन्नाकाला उतरले तेव्हा दहा चाळीस. वैशालीताई, तुमच्यासारख्याच फेऱ्या मारल्या, पण तीनच. चौथ्या वेळी एक आजोबा आतून बाहेर आले आणि दार माझ्यासाठी उघडं धरून उभे राहिले. आता मागे फिरणं शक्यच नव्हतं. बोट वर केलं. आतून दोघं-तिघं एकदम "इराश्शाइ" असं ओरडले की मी दचकले.

काउंटरवर नऊ जागा. मी भिंतीकडची मागितली असती, पण ताइशोंनी (दुकानाच्या मालक-स्वयंपाक्यांनी) हाताने मधलीच दाखवली, जाळीसमोरची. उजवीकडे टाय सैल केलेला एक जण बेसबॉल बघत होता, डावीकडे माझ्याच वयाची एक मुलगी, एकटी, पुस्तक उघडं आणि ग्लास त्याच्यावर ठेवलेला. पानाला गोल डाग पडला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, ग्लास उचलून आपल्या बाजूला घेतला, बस, एवढंच. जागा करून दिली.

ओतोशी आली: वाटीभर हिजिकी (काळं समुद्रशेवाळ), त्यात गाजर. (काका, दाशी होती. डोळे मिटले.) ते वाक्य मी गाडीत सात वेळा घोकलं होतं आणि ऐन वेळी "निकु तो साकाना" एवढंच बाहेर पडलं, क्रियापद विसरले. म्हणजे मी मांस आणि मासे मागत होते! ताइशोंनी कोंबडीचे तुकडे लावलेली काडी उचलली. मी दोन्ही हात हलवले. शेजारच्या मुलीने पुस्तकातून मान वर न काढता माझं वाक्य पूर्ण केलं. ताइशो "आआ" म्हणाले, काडी ठेवली आणि जाळीचा कडेचा भाग कागदाने पुसून तिथे शिताके मांडल्या. त्यांना पुसायला कुणी सांगितलं नव्हतं.

मिरच्या मिठात भाजलेल्या. दहातली एखादी तिखट निघते म्हणतात, मला लागोपाठ दोन निघाल्या आणि बरं वाटलं. याकी-ओनिगिरीची करकरीत कड मी शेवटपर्यंत राखून ठेवली. बेसबॉलमध्ये कुणीतरी कुणालातरी बाद केलं, तेव्हा अख्खा काउंटर कण्हला आणि मीही कण्हले, कोणता संघ ते माहीत नसताना.

११:२५ ला उठले. घाई नव्हती, गाड्या होत्या. बिल सांगत नाही, अनिकेत म्हणेल शिंजुकूत स्वस्त पडलं असतं.

निघताना ताइशो काहीतरी बोलले, त्यातलं "सुइयोबी" एवढंच कळलं. वैशालीताई, बुधवारी बंद असतं की बुधवारी ये म्हणाले?

मेघना

---

प्रेषक: वैशाली, तोयोचो

दारावरची पाटी बघून ये आणि सांग. चालू असेल तर मीही येते, दोन जागा सोडून बसेन.