मदत हवी आहे: ओट्यापुढे नक्षीची फरशी, खरी की छापील?
नमस्कार मंडळी. कोथरूडमधला आमचा फ्लॅट १९८८ चा. मोझॅक अजून ठणठणीत आहे, पण स्वयंपाकघरात ओट्यापुढे फरशी पोकळ वाजते, म्हणून तेवढी काढायचीच आहे. मला तिथे आजोळच्या वाड्यात होत्या तशा नक्षीच्या सिमेंट टाइल्स हव्यात, ८ बाय ८ इंची, चार जोडल्या की एक फूल पुरं होतं तशा. गवंडी म्हणतो, सिमेंट टाइल तेल-पाणी पिते, सीलर (तेल-पाणी आत मुरू न देणारा लेप) मारावाच लागेल, आणि हळदीचा डाग बसला की बसला. त्यापेक्षा त्याच नक्षीची व्हिट्रिफाइड (भट्टीत भाजलेली, पाणी जवळजवळ न पिणारी टाइल) घ्या. पण ती छापील नक्षी मला कॅलेंडरसारखी दिसते. (बायकोचा प्रश्न: ‘पुसणार कोण?’ याला माझ्याकडे उत्तर नाही.)

ओट्यामागे भिंतीला पांढरी ३ बाय ६ इंची टाइल हेरिंगबोनमध्ये (माशाच्या काट्यासारख्या नागमोडी रचनेत) लावायची आहे. कडेला तुकडे फार कापावे लागतात, तर १५ टक्के जादा माल पुरेल का? टाइल्सच्या सांध्यांत भरायचा एपॉक्सी ग्राउट पांढरा घ्यावा की राखाडी? आणि जुना मोझॅक नव्या फरशीला भिडतो तिथे तुम्ही काय केलंत, ग्रॅनाइटची पट्टी की पितळेची? वापरून चार-पाच वर्षं झालेल्यांनी आत्ताचे फोटो टाकले तर फार बरं होईल.